लीजचा कागद

घर बघायला आम्ही पाच वेळा गेलो. पाचही वेळा पुढच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईंनी हात जोडले, आम्हीही जोडले, आणि मागे जाऊन नळ, स्विच, छताचे कोपरे बघू लागलो. तुम्ही इथं कधीपासून आहात, भाडं किती देता, खोल्या कधी सोडताय, यातलं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी गणित शिकवते. वर्गात प्रश्न विचारण्याचाच पगार घेते. पण एकदा दिवाळं निघालेल्या घरातली माणसं बाहेर कुणाला काही विचारत नाहीत. आपण एक विचारला की समोरचा दोन विचारतो. आजवर स्वतःचं घर नव्हतं का? साहेब काय करतात? मग हळूच, देशपांडे नगरातला तो गणवेशांचा कारखाना तुमचाच का?

हो, आमचाच. बारा मशिनी आणि बारा बायका. धारवाड-हुबळीतल्या शाळांचे गणवेश नवरा शिवून द्यायचा. शाळा बंद राहिल्या त्या दोन वर्षांत कापडाचे तागे कारखान्यात पडून राहिले, आणि शाळा उघडल्या तेव्हा दोन मोठ्या शाळांनी चौकडीच बदलली. जुन्या चौकडीचं कापड कुणी फुकट घेईना. शेवटी नवऱ्यानं धारवाडच्या कोर्टात नादारीचा अर्ज केला. कोर्टानं त्यांना नादार ठरवलं, मशिनी विकायला लावल्या, आणि जे हाती आलं ते ज्यांच्याकडे कागद होते त्यांच्यात वाटलं. काही काळानं त्यांना कर्जांतून मुक्तही केलं. शिवणाऱ्या बायकांचा थकलेला पगार एका वहीत लिहिलेला होता. त्या वहीची दखल कुणी घेतली नाही.

मला पैसे गेल्याचं दुःख झालं, नाही असं नाही. पण खरा राग दुसराच होता. चौदा महिने नवऱ्यानं मला काही कळू दिलं नव्हतं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात जायचे, संध्याकाळी यायचे, जेवायचे. मला कळलं ते बँकेची नोटीस दारावर चिकटवलेली बघून, हातात भाजीची पिशवी घेऊन जिन्यात उभी असताना, शेजारणीच्या देखत. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच शब्द राहिला. लपवलंत. मीठ संपलं, तर मीठ संपलेलं लपवलंत का? गिझर बिघडला, तर तेही लपवलंत? ऐकणाऱ्याला थट्टा वाटायची. थट्टा नव्हती ती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. नवरा ऐकून घ्यायचा आणि पुढे पुढे तर सगळंच सांगू लागला. हल्ली ते एका हॉस्पिटलात स्टोअर सांभाळतात, चादरी, अभ्रे, गाऊन. घरी आले की आधी सांगणार, आज दोन चहा घेतले, येताना रिक्षा केली. कोण विचारतंय, असं मला व्हायचं. पण ऐकायला बरंही वाटायचं.

तर ते घर. नवनगरातलं, जुनं, एकमजली. पुढे दोन खोल्या, मागे तीन, मागच्या अंगणात शेवगा. मालक बेंगळुरूत राहणारे गृहस्थ, पन्नाशीच्या आतले, बोलायला अतिशय गोड. वडिलांचं घर विकून तिकडे फ्लॅटचे पैसे भरायचे होते म्हणून त्यांना घाई होती, आणि घाई होती म्हणून किंमत आमच्या आवाक्यात होती. पुढच्या बाईंबद्दल ते म्हणाले, "त्या भाड्यानं आहेत. सांगितलंय मी त्यांना. रजिस्ट्रीच्या आत जातील." मी मान डोलावली. वाणी दोन रुपये कमी घेतो म्हणाला तर मी दहा प्रश्न विचारते, आणि इथं मी देवाचे आभार मानत बसले.

कर्ज माझ्या पगारावर, घर माझ्या नावावर. नवऱ्याचं नाव कुठेच नाही. बँकेतला अधिकारी त्यांच्यासमोरच म्हणाला, "साहेबांचं नाव नको मेडम. नाव घातलं की फाईल अडकते." नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला. उरलेले पैसे माझ्या भविष्यनिर्वाह निधीतले आणि वडिलांनी दिलेल्या पाटल्यांचे. रजिस्ट्री गुरुवारी ठरली. बँकेच्या मंजुरीची मुदत त्याच्या पुढच्या सोमवारी संपत होती. मी बावन्न वर्षांची. हे कर्ज हातचं गेलं तर निवृत्तीकडे झुकलेल्या बाईला दुसरं कोण देणार? हे घर मिळालं तर मिळालं. नाहीतर कमरीपेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांतूनच माझी शेवटची यात्रा निघणार, हे मी स्वतःला स्पष्ट सांगून टाकलं होतं.

रविवारी नवऱ्याची ड्यूटी होती म्हणून मी एकटीच नवनगरला गेले. स्वयंपाकघरात फळ्या मारायच्या होत्या, त्यांचं माप घ्यायचं होतं. मी भिंतीला टेप लावून उभी होते तेव्हा मागच्या दारात पुढच्या बाई आल्या. साठीच्या असतील. हाताला जोंधळ्याचं पीठ. खानावळींना कडक भाकऱ्या करून द्यायच्या त्या. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणत.

"बाई, एक इचारू काय?"

"विचारा की."

"माजं पैसं तुमी चेकनं देनार का रोख? रोख दिलासा तर बरं हुईल. भावाला संगट आनतो मी."

"कसले पैसे अक्का?"

"लीजचं, बाई. साहेब म्हनले, नवीन मालक देनार."

आमच्याकडे लीज म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. घरमालकाला एकदम मोठी रक्कम द्यायची आणि दोन-तीन वर्षं एक पैसा भाडं न देता राहायचं. मुदत संपली की मालकानं ती रक्कम जशीच्या तशी परत करायची आणि आपण घर सोडायचं. हातात थोडे पैसे आहेत पण दर महिन्याची मिळकत भरवशाची नाही, अशा माणसाला हे बरं पडतं. सगळा व्यवहार मालकाच्या शब्दावर आणि एका कागदावर.

अक्कांनी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून तो कागद काढला. कानडीतला, स्टँप पेपरवरचा, नोटरीचा शिक्का असलेला. चार लाख रुपये, तीन वर्षांसाठी. मुदत संपून दोन महिने झाले होते. खाली मालकांची सही, शेवटी लांब शेपूट काढलेली, आमच्या इसाराच्या कागदावर होती अगदी तशीच. मी दोनदा वाचला. गणिताच्या बाईला दोनदा वाचायची गरज नव्हती.

"आळणावरकडं आमचं रान हुतं दीड एकर," अक्का सांगत होत्या. "घरधनी गेल्यावर दिरांनी घेटलं आन् हे पैसं दिलं. तेवढंच हाय बगा. कमरीपेठेत एक खोली बगून ठिवलीय. ह्ये आलं की तितं देनार."

मी बघते म्हणाले आणि निघाले. फळ्यांचं माप अर्धवटच राहिलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागच्या भिंतीशी उभी राहून वकिलांना फोन केला. ते शांत ऐकत होते. मग म्हणाले, "मेडम, तो कागद रजिस्टर झालाय का? नाही. ईसीत दिसतोय का? नाही." ईसी म्हणजे घरावर कुणाचा बोजा नाही असं सांगणारा दाखला. आमच्या घराची ईसी धुतल्यासारखी स्वच्छ होती. "मग तो तुमच्या डोक्याचा ताप नव्हे. रिकामं घर द्यायची जबाबदारी त्याची. त्या बाईनं भांडायचं तर त्याच्याशी भांडावं."

"आणि ती गेलीच नाही तर?"

"एकटी बाई आहे. मालक बदलल्यावर किती दिवस राहील? आणि हे बघा, तुम्हाला हे कळलंय हे तुम्ही मला सांगितलेलं नाही. मी ऐकलेलं नाही. गुरुवारी या."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला बरं वाटलं. कुणीतरी शिकलेल्या माणसानं सांगितलं की हे माझं काम नव्हे, आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

नवऱ्याला मी सांगितलं नाही. विसरले नव्हते, वेळ मिळाला नव्हता, असलं काही नाही. सांगायचं नाही असं ठरवून सांगितलं नाही. कारण मला तो माणूस माहीत होता. कोर्टानं मुक्त केल्यावरही त्यांच्या पाकिटात त्या बारा बायकांच्या नावांची चिठ्ठी होती. दर महिन्याच्या पगारातून एकीच्या घरी जाऊन थोडं थोडं देऊन यायचे आणि येऊन मला सांगायचे, आज हिला दिले, आज तिला दिले. त्यांना हा कागद दाखवला की ते एकच शब्द बोलणार, नको. आणि मग घर गेलं. त्यांच्या भलेपणाची किंमत मी एकदा मोजली होती. दुसऱ्यांदा मोजायची माझी तयारी नव्हती. अक्कांचं काय व्हायचं ते त्यांचं आणि मालकांचं. मी काय अक्कांना, मालकाला पैसे द्या, म्हणून सांगायला गेले होते? माझ्या वेळी कोण आलं होतं मधे पडायला? असं मी भांडी घासताना, बसमध्ये, पेपर तपासताना स्वतःशी भांडत होते, आणि भांडण मीच जिंकत होते.

नवरा मात्र त्या चार दिवसांत माणसात आला होता. मंगळवारी रंगाच्या दुकानातून रंगांची पुस्तिका घेऊन आले. जेवताना ती ताटाशेजारी उघडली.

"स्वयंपाकघराला हा पिवळा चालेल का गं?"

"चालेल."

"की हा? हा जरा फिका आहे."

"तोही चालेल."

त्यांनी पुस्तिका मिटली. "बरं नाही का तुला? भांडत नाहीस ती."

"दमलेय," मी म्हणाले.

बुधवारी फळ्यावर मी एक उदाहरण चुकीचं उतरवलं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं चूक दाखवली तर तिला उभं करून असं बोलले की पोरगी रडली. तिची चूक काहीच नव्हती. नंतर मी तिला खडूची पेटी आणायला स्टाफरूममध्ये पाठवलं, माफी मागायची माझी तेवढीच धाव.

गुरुवारी सबरजिस्ट्रार ऑफिसच्या व्हरांड्यात आम्ही दहा वाजल्यापासून बसलो होतो. बाँड रायटरनं खरेदीपत्र टाईप करून आणलं होतं. बँकेचा अधिकारी डीडीची फाईल मांडीवर घेऊन बसला होता. मालक पांढऱ्या गाडीतून आले, माझ्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला, म्हणाले, "घर लाभू दे मेडम." आमच्यापुढे पाच नंबर होते. मी ते मोजत होते. पाच, मग तीन. तीनचा एक झाला तेव्हा गेटातून अक्का आत आल्या.

इरकल नेसलेल्या, केस तेल लावून चापून बसवलेले, सोबत भाऊ. लग्नाला आल्यासारख्या. मालकांनी त्यांना आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं की रजिस्ट्री झाली की तुझे पैसे मिळतील, म्हणून आपणहून आल्या होत्या. मालकांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्या इथं येतील हे त्यांनी धरलं नव्हतं. अक्का सरळ आमच्याकडे आल्या आणि बाकावर नवऱ्याच्या शेजारी बसल्या.

"अण्णा, हे जरा वाचून बगा की. आकडा बराबर हाय न्हवं? बाईंनी रविवारी वाचलाय, पन मनाला बरं वाटतंय."

नवऱ्यानं चष्मा लावला. मी समोरच्या भिंतीवरच्या नंबराकडे बघत राहिले. कागद उलटल्याचा आवाज आला. त्यांनी तो आहे त्या घडीवर घातला, पिशवीत सरकवला आणि पिशवी अक्कांच्या हातात दिली. माझ्याकडे बघितलं नाही. उठले आणि मालकांपाशी जाऊन उभे राहिले.

कोर्टाचं प्रकरण झाल्यापासून हा माणूस कुठल्या ऑफिसात तोंड उघडत नसे. गॅसच्या दुकानातसुद्धा मीच बोलायची. त्या दिवशी ते कानडीत बोलले, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "यांचे चार लाख कोण देणार?"

"ते माझं आणि त्यांचं आहे हो. देतो मी. पुढच्या महिन्यात चेक देतो."

"चेक नको. चेक मीही दिले होते."

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. मालकांचा गोडवा एका क्षणात संपला. ते माझ्याकडे वळले. "मेडम, घर तुम्ही घेताय ना? मग हे कोण? कोर्टानं नादार ठरवलेला माणूस मला व्यवहार शिकवणार?"

माझा स्वभाव माहीत असलेल्या कुणालाही वाटलं असतं की आता ही भडकणार. भडकले मी, पण नवऱ्यावर. मनात म्हटलं, झालं, घातली माती. मी त्यांची बाही धरून ओढली. "अहो, बसा. नंबर येतोय. हे नंतर बघू."

नंतर म्हणजे कधी, ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. तेवढ्यात आतून आमचा नंबर पुकारला. बाँड रायटर म्हणाला, "चला मेडम, फोटो आणि अंगठा." मी उठले. नवरा म्हणाला, "सही तुझी आहे. तू कर. मी आत येणार नाही." आणि परत जाऊन अक्कांच्या शेजारी बसला.

मी दारापर्यंत गेले. मी सही केली असती. हे कुणी मला विचारलेलं नाही, पण मी लिहून ठेवते, कारण नंतर लोकांनी माझ्याबद्दल भलतंच चांगलं बोलायला सुरुवात केली. मला थांबवलं ते माझ्या मनानं नव्हे, बँकेच्या अधिकाऱ्यानं. त्यानं फाईलचा बंद ओढून घट्ट केला आणि म्हणाला, "मेडम, ताब्याचा वाद आहे हे आता माझ्या कानावर आलंय. मी डीडी देऊ शकत नाही. सोमवारपर्यंत मिटवा. सोमवारनंतर ही फाईल संपली."

मालक गाडीकडे जाताना म्हणाले, "माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे." पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच राहिला. अक्का काही न समजून भावाकडे आणि आमच्याकडे बघत होत्या. नवऱ्यानं त्यांना सांगितलं, "सोमवारी या अक्का. कागद घरी ठेवा, कुणाला देऊ नका." मग बाँड रायटरकडे जाऊन सोमवारचा शेवटचा नंबर मागून घेतला.

रिक्षात आम्ही दोघं दोन टोकांना बसलो.

"रविवारी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आज गुरुवार."

"हो."

मी वाट बघत होते. तो शब्द आता येणार, पाच वर्षांचा हिशेब आता चुकता होणार, आणि मी उत्तरही तयार ठेवलं होतं की मी घरासाठी लपवलं, तुम्ही भीतीनं लपवलं होतं, दोन्ही सारखं नाही. ते रिक्षावाल्याला म्हणाले, "अण्णा, त्या कोपऱ्यावर जरा थांबवा. मिरच्या घ्यायच्यात." उतरले, पावशेर मिरच्या घेतल्या, परत येऊन बसले. उत्तर माझ्यापाशीच राहिलं.

शुक्रवारी त्यांनी माझ्यासमोर मालकांना फोन लावला. किंमत तीच राहील, आमच्या वाट्याच्या पैशांचे दोन डीडी करू, त्यातला चार लाखांचा अक्कांच्या नावावर, आणि खरेदीपत्रात तसं लिहू, एवढंच सांगितलं. तिकडून फोन ठेवला गेला. शनिवारी त्यांनी उचललाच नाही. शनिवारी दुपारी नवऱ्यानं रंगांची पुस्तिका दुकानात परत देण्यासाठी पिशवीत घातली. मी बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. रागानं नव्हे. मला त्या घराची भूक लागली होती, अजूनही, आणि त्या भुकेची लाज वाटत होती.

रविवारी संध्याकाळी माझ्या फोनवर मालकांचा फोन आला. "उद्या येतो," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तसं करा." त्यांच्या फ्लॅटची तारीख आमच्या तारखेपेक्षा जवळ आली होती आणि दुसरं गिऱ्हाईक बहुधा कधी नव्हतंच. मी बरं म्हणाले, फोन ठेवला, ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडले. नवरा दारात येऊन उभा राहिला. "काय म्हणाले?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग सकाळी दहाला बँकेच्या दारात उभं राहायला हवं," आणि उद्याचे कागद काढायला बसले.

सोमवारी बँक उघडायच्या आधी आम्ही पायरीवर होतो. आमचा जुना डीडी रद्द करून दोन नवीन करून घेईपर्यंत बारा वाजले. बाँड रायटरनं खरेदीपत्राची पानं पुन्हा टाईप केली. त्यात एक ओळ घातली, की ठरलेल्या किमतीतले चार लाख विकणाऱ्याच्या सांगण्यावरून लीजदाराला परस्पर दिले. ती ओळ वाचून मालकांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. बँकेचा अधिकारी घड्याळ बघत होता. आमच्यापुढे सहाजण होते आणि खिडकी पाचला बंद होत होती. साडेतीनला चौघे उरले. एका कुटुंबाचा वारसांवरून आत वाद सुरू झाला आणि तो संपेचना. मी बाकाची कड धरून बसले होते. नवरा अक्कांच्या भावाला पॅन कार्डाचं काहीतरी समजावत होता, जणू आजचा दिवस संपणारच नव्हता.

सव्वाचारला मालकांनी त्या ओळीखाली सही केली. पाच वाजायला दहा मिनिटं असताना माझा फोटो निघाला. अंगठा यंत्रावर तीनदा ठेवावा लागला, घामानं उमटत नव्हता. शिक्का पडला. घर माझं झालं. मी मोठा श्वास घेईन, हसेन, असं कितीतरी वर्षं ठरवलं होतं. मी फक्त विचारलं, पाणी कुठे मिळेल.

अक्कांचा डीडी माझ्या हातून द्यायचा असं बाँड रायटर म्हणाला. व्हरांड्यात मी तो त्यांना दिला. त्यांनी तो डोळ्यांना लावला, भावाकडे दिला आणि माझे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमी हुतासा म्हनून. मी तुमास्नी कागद दाखिवला आन् तुमी घरी जाऊन अण्णांस्नी सांगिटलासा, म्हनून अण्णा त्या साहेबाला बोलले. घर घेनारी दुसरी कोन आसती तर गप बसली आसती. चार दिवस मी म्हनतोय भावाला, बाई चांगल्या हाईत म्हनून."

नवरा फाईल काखेत धरून शेजारी उभा होता. मी त्यांच्याकडे बघितलं. आता सांगा, असं मला खरोखर वाटत होतं. तुम्हीच सांगा, मला जमणार नाही. एका वाक्यात संपलं असतं.

"हो अक्का," ते म्हणाले. आज दोन चहा घेतले, असं सांगतात त्याच आवाजात. "हिनंच सांगितलं मला. नाहीतर मला कुठलं कळतंय."

अक्कांनी माझे हात आणखी घट्ट धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी मान डोलावली.